ब्रेकची किंकाळी आणि लँचेस्टर साहेब

थर्ड इयरच्या सुट्टीत मामांच्या जुन्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड मी स्वतः बदलले. मेकॅनिकलचा विद्यार्थी ना, छाती फुगलेली! पण पहिल्याच सिग्नलला ब्रेक दाबला आणि गाडी अशी किंचाळली की सगळा रस्ता वळून बघायला लागला. मामा काही बोलले नाहीत, नुसते हसले. तेच जास्त लागलं.

हॉस्टेलवर परतल्यावर लायब्ररीत कारण शोधायला बसलो आणि भेटले फ्रेडरिक लँचेस्टर. व्हायब्रेशनच्या पेपरासाठी लँचेस्टर डॅम्पर आपण घोकतो, पण हा माणूस कोण, हे कोणी विचारत नाही.

त्यांचा जन्म १८६८ चा, लंडनचा. साउदॅम्प्टन आणि केन्सिंग्टनला शिकले, पण पदवी न घेताच बाहेर पडले. (केटीवाल्यांनो, लगेच खूश होऊ नका!) १८९५-९६ मध्ये त्यांनी आपली पहिली मोटार बनवली आणि १८९९ मध्ये भावांसोबत बर्मिंगहॅमला कंपनी काढली. १९०२ मध्ये त्यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं: चाकाबरोबर फिरणारी पातळ धातूची चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे जबडे. आजही तत्त्व तेच आहे. पण जबड्यांना अस्तर तांब्याचं. धातूवर धातू घासला की कर्कश आवाज व्हायचा, शिवाय धुळीच्या रस्त्यांवर तांबं भराभर झिजायचं. उष्णता सोसून शांत राहील असं अस्तर तेव्हा हाताशी नव्हतं. कल्पना बरोबर, मटेरियल नाही!

१९०४ मध्ये कंपनी कर्जात बुडाली, पण साहेब थांबले नाहीत. क्रँकशाफ्टची पिळाची कंपनं शोषणारा डॅम्पर त्यांनीच केला. १९०७ आणि १९०८ मध्ये विमानविद्येवर दोन ग्रंथ लिहिले, १९१६ मध्ये युद्धाचं गणित मांडलं. १९२२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. शेवटची वर्षं मात्र आजारपणात आणि पैशांच्या चणचणीत गेली. १९४६ मध्ये ते वारले. पुढे १९५३ मध्ये डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने ले मान्सची शर्यत जिंकली. ते बघायला साहेब नव्हते.

वाचता वाचता माझी चूक सापडली. ब्रेकची किंकाळी म्हणजे घर्षणाने उठलेलं कंपनच. पॅडच्या पाठीमागची पातळ शिम ते कंपन शोषते, म्हणजे डॅम्परचंच काम करते. आणि मी ती जुन्या पॅडबरोबर कचऱ्यात टाकली होती!

दिवाळीत परत मामांकडे गेलो. चकती ब्रेक क्लीनरने पुसली, पॅड सरकण्याच्या जागा घासून साफ केल्या, नव्या शिम बसवल्या. पॅडच्या पाठीला आणि कानांना उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पातळ लावलं. घासणाऱ्या बाजूला एक ठिपकासुद्धा नाही. मग मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून बेताने ब्रेक दाबत, मधे गार होऊ देत, पॅड चकतीवर नीट बसू दिले.

सिग्नल आला, गाडी गुपचूप थांबली. मामा या वेळीही काही बोलले नाहीत. पण परत येताना किल्ली माझ्या हातात दिली.