समुद्रावरचा तह आणि सॅम्युएल हेनेल



सुट्टीच्या दिवशी तुम्ही मुलांना उम्म अल कुवैनचा जुना किल्ला दाखवायला नेता. समोरच्या समुद्रावरची भांडणे कोणी मिटवली, हेही त्यांना सांगा.

सॅम्युएल हेनेल हा मुंबई सरकारच्या फौजेतला अधिकारी. इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला इंग्रजांची रेसिडेन्सी होती, तिचा कारभार मुंबईहून चाले. हेनेल तिथे आधी सहायक होता, पुढे रेसिडेंट झाला. त्याला निःपक्ष म्हणता येणार नाही. १८२० च्या सुरुवातीला मुंबईहून आलेल्या मोहिमेनेच उम्म अल कुवैनची तटबंदी पाडली होती, आणि शेख अब्दुल्ला बिन राशिद यांना तहावर सही करावी लागली होती.

रोहिणीच्या पाण्याचा वाद तुम्हाला बाबासाहेबांच्या ग्रंथातून ठाऊक आहे. शाक्यांचे दोन, कोलियांचे दोन आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी निवाडा करावा, असे सिद्धार्थाने सुचवले होते. शाक्य संघाने ते मानले नाही. इथे मात्र पाचवा कोणी निवडलाच नव्हता. तो लढाऊ जहाजे घेऊन आला होता.

तरी त्याचे ऐकले गेले. का? मला वाटते, त्याने मागितले थोडेच. मोती काढण्याचा हंगाम तोंडावर होता. होड्या लढाईत अडकल्या तर सगळ्याच किनाऱ्याची चूल विझणार. या हंगामापुरते समुद्रावर लढू नका, एवढेच त्याने सुचवले. २१ मे १८३५ रोजी अबू धाबी, दुबई, शारजा आणि अजमान यांच्यात तह झाला. पुढच्या वर्षी उम्म अल कुवैनही त्यात आले. तह मोडणाऱ्यावर परस्पर सूड घ्यायचा नाही, तक्रार रेसिडेंटकडे करायची. भरपाई तो वसूल करणार.

पण त्याचा कल लपत नाही. लढाऊ होड्यांनी ओलांडू नये अशी रेषा १८३६ मध्ये आखली गेली, ती व्यापारी जहाजांची वाट मोकळी ठेवणारी होती. जमिनीवरच्या लढाया तहाबाहेरच राहिल्या. तिथे रक्त सांडत राहिले.

मुदत वर्षावर्षाने वाढत १८४३ मध्ये दहा वर्षांची झाली. हेनेल १८५२ मध्ये पायउतार झाला. पुढच्या वर्षी कायमचा तह झाला, त्यावरही शेख अब्दुल्लांचीच सही आहे. इंग्रजांचा इथला अधिकार १९७१ पर्यंत टिकला.