इब्री लोकांचे गुरू मोशे

आज गुरुपौर्णिमा. वेदांचे विभाग करणाऱ्या व्यासमहर्षींचे आज घरोघर पूजन होईल. अशा दिवशी एका दूरच्या समाजाच्या गुरूचेही स्मरण करावे, असे आमच्या मनात आले. यहुदी लोक आपल्या सर्वश्रेष्ठ पुरुषाला राजा म्हणत नाहीत, की पुरोहित म्हणत नाहीत. ते म्हणतात मोशे रब्बेनू, म्हणजे आमचे गुरू मोशे. तीन सहस्र वर्षांहून जुनी मानली जाणारी ही जीवनकथा त्यांच्या तोरा या ग्रंथात आली आहे.

दुष्काळामुळे मिसर देशी आलेले याकोबाचे वंशज कालांतराने तेथे दास झाले. त्यांची वाढती संख्या पाहून भयभीत झालेल्या फारो राजाने त्यांचे नवजात मुलगे नदीत टाकण्याची आज्ञा दिली. लेवी कुळातील एका मातेने आपले बालक तीन महिने लपविले आणि अखेर लव्हाळ्याच्या पेटीला डांबर व राळ लावून ते नदीकाठी ठेवले. राजकन्येने ते उचलले. थोरल्या बहिणीच्या चातुर्याने जन्मदात्री माताच त्याची दाई झाली. येथे आपल्याला कर्णाची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. परंतु कर्ण सूताघरी वाढलेला राजकुलोत्पन्न होता, तर मोशे राजवाड्यात वाढलेले दासपुत्र. कर्णाने पालनकर्त्यांशी निष्ठा राखली. मोशे जन्मबांधवांकडे परतले.

हे परतणे सोपे नव्हते. एका इब्री दासाला मारणाऱ्या मिसरी माणसाचा त्यांनी वध केला, तेव्हा फारो त्यांच्या जिवावर उठला आणि इब्री बांधवांनीही त्यांचा अधिकार नाकारला. पळून ते मिद्यान देशी गेले, तर तेथील मुलींनी त्यांना मिसरी समजले. मिसरी त्यांना परका मानीत, इब्री आपला मानीत नसत. पहिल्या मुलाचे गेर्षोम हे नावही त्यांनी आपल्या परकेपणाच्या जाणिवेतूनच ठेवले. इब्री या शब्दाचे नाते पार जाण्याशी, पलीकडून येण्याशी जोडतात. ग्रंथात तो बहुधा परक्यांच्या तोंडी किंवा परक्यांशी बोलताना येतो. ते लोक स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाची मुले म्हणवीत. परकेपणाचा हा अर्थ मोशे प्रथम स्वतः जगले.

सासऱ्यांची मेंढरे राखीत असता होरेब पर्वतावर, जळत असूनही भस्म न होणाऱ्या झुडपातून, त्यांना ईश्वराची हाक आली. आपली जीभ जड आहे असे सांगून त्यांनी वारंवार नकार दिला. तेव्हा वडील बंधू अहरोन त्यांचे मुख झाले. फारोपुढे उभे राहताना मोशे ऐंशी वर्षांचे होते. मिसरातून निघालेल्या समुदायात अन्य वंशांचे पुष्कळ लोक मिसळले होते. सीनाय पर्वताशी झालेल्या कराराने त्या साऱ्यांना बांधले. आम्हाला वाटते, इब्री लोकांच्या ओळखीचे मर्म येथेच आहे. रक्ताचे नाते तर होतेच, पण नियमाचे नाते त्याहून दृढ ठरले. तुम्हीही मिसरात परके होता, म्हणून परक्यावर प्रेम करा, ही त्या नियमशास्त्राची शिकवण होय.

नेतृत्वाविषयीही मोशे यांचे चरित्र विचार करण्याजोगे आहे. मिद्यानचे याजक असलेले सासरे इथ्रो यांच्या सल्ल्यावरून त्यांनी हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमून न्यायदानाचा भार वाटून दिला. लोकांनी सोन्याचे वासरू पूजिले तेव्हा ते संतापले खरे, पण त्यांच्या क्षमेसाठी स्वतःचे नाव ईश्वराच्या पुस्तकातून पुसले जाण्यासही सिद्ध झाले. पौरोहित्य त्यांनी अहरोनाच्या वंशाकडे सोपविले आणि नेतृत्व शिष्य यहोशवाकडे. स्वतःच्या पुत्रांना यांतले काहीच दिले नाही.

एकदा तहानलेल्या लोकांवर चिडून, खडकाशी बोलण्याची आज्ञा असता त्यांनी त्यावर काठी मारली. त्या प्रमादामुळे वचनभूमीत प्रवेश नाकारला गेला. नबो पर्वतावरून ती भूमी डोळे भरून पाहून, वयाच्या 120 व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी कोठे आहे हे कोणासही ठाऊक नाही, असे ग्रंथच सांगतो.

त्यांची परंपरा आपल्या कोकणातही नांदली. तेथील बेने इस्राएल तेलघाण्याचा व्यवसाय करीत आणि मोशे यांच्या नियमानुसार शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मिसरातून झालेल्या सुटकेच्या स्मरणार्थ वल्हांडण सणाला वाचावयाची हगादा ही पोथी 1846 साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. नवल असे की, ज्यांनी सुटका घडविली त्या मोशे यांचे नाव या पारंपरिक पोथीत जवळजवळ येतच नाही; सारे श्रेय ईश्वराचे!

ज्यांची समाधी नाही आणि सणाच्या पोथीतही ज्यांचे नाव जेमतेमच येते, ते मोशे आपल्या शिकवणीच्या रूपाने घरोघर राहिले. अशा गुरूला आजच्या दिवशी आमचे विनम्र वंदन.