तापलेल्या हवेशी झुंजणारा गणिती

जानेवारी १९३८ मध्ये इंग्लंडमधील डार्बी येथे रोल्स-रॉइसच्या कारखान्यात तिशीचा एक तरुण रुजू झाला. त्याला स्वतंत्र खोली, टेबल, खुर्ची मिळाली. मात्र काम काय करायचे, हे कोणीच सांगितले नाही. इंजिन कसे जुळवतात हे त्याने तोपर्यंत जवळून पाहिलेलेही नव्हते. त्याचे शिक्षण गणिताचे आणि संशोधनाचा विषय द्रव-वायूंचे प्रवाह. हा तरुण म्हणजे स्टॅन्ले हूकर. आज टर्बो मोटारीच्या जाळीमागे इंजिनाकडे जाणारी हवा थंड करणारा जो इंटरकूलर बसवलेला असतो, त्याचे महत्त्व युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत ज्यांनी सिद्ध केले, त्यांत हूकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

केंट परगण्यातील शीरनेस या बंदराच्या गावी ३० सप्टेंबर १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. शिष्यवृत्तीच्या बळावर ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेले आणि १९३५ मध्ये ऑक्सफर्डची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. काही काळ नौदलाच्या प्रयोगशाळेत काढल्यानंतर रोल्स-रॉइसचे सर्वेसर्वा अर्नेस्ट हाइव्ह्ज यांनी त्यांना कंपनीत घेतले. पहिल्याच भेटीत, तू काही फारसा इंजिनियर दिसत नाहीस, अशा अर्थाचा शेरा हाइव्ह्ज यांनी मारला होता. हूकर यांनी तो आयुष्यभर मिरवला आणि पुढे आत्मचरित्राला त्यावरूनच नावही दिले.

रिकामपणी कारखान्यात भटकताना त्यांच्या हाती मर्लिन इंजिनाच्या सुपरचार्जरच्या चाचण्यांचे अहवाल पडले. उंचावर हवा विरळ होते, इंजिनाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि ताकद घटते. म्हणून वेगाने फिरणाऱ्या चक्राने हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची, हे सुपरचार्जरचे काम. आकडे मांडताच हूकर यांच्या लक्षात आले, की या यंत्राची कार्यक्षमता बरीच वाढवता येईल. त्यांनी अहवाल लिहून धाडला आणि मग त्यांना कळले, की ज्या रचनेतील दोष आपण दाखवले ती जेम्स एलर या ज्येष्ठ तज्ज्ञांची आहे! नोकरी गेलीच, असे त्यांना वाटले. परंतु एलर स्वतः त्यांच्याकडे आले, त्यांनी कामाची तारीफ केली आणि सुपरचार्जरची जबाबदारी या नवख्यावर सोपवली. असा मोठेपणा कोणत्याही कचेरीत विरळाच.

हवा दाबली की ती तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक हाताला चटका देते, तोच हा प्रकार. तापलेली हवा प्रसरण पावते. २७ अंश सेल्सियसची हवा १२७ अंशांवर गेली, तर त्याच दाबाला तेवढ्याच जागेत पाव हिश्श्याने कमी हवा मावते. म्हणजे दाबून जे कमावले, त्यातले बरेचसे उष्णता परत हिरावून नेते. शिवाय गरम मिश्रण अवेळी पेट घेऊन सिलिंडरमध्ये ठोके देऊ लागते आणि पिस्टनच्या जिवावर बेतते.

मर्लिनमध्ये या तापाला थोडा उतारा आधीपासून होता. पेट्रोल सुपरचार्जरच्या अलीकडेच कार्ब्युरेटरमधून हवेत मिसळले जाई आणि त्याची वाफ होताना हवेची उष्णता शोषली जाई. सुमारे २५ अंशांचा हा गारवा फुकटात मिळे. जर्मनांनी पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारण्याची पद्धत स्वीकारली होती. तिच्यात हा लाभ नव्हता; मात्र विमानाने एकाएकी नाक खाली केले तरी त्यांचे इंजिन बंद पडत नसे आणि मर्लिन अशा वेळी गचके खाई. ती खोड १९४१ मध्ये बिअॅट्रिस शिलिंग या इंजिनियर महिलेने एका छोट्याशा चकतीने बरीच आटोक्यात आणली. ती हकिगत स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत फ्रान्सच्या किनाऱ्यावर फॉक-वुल्फ १९० हे नवे जर्मन लढाऊ विमान दिसू लागले. ब्रिटिशांच्या पाचव्या आवृत्तीच्या स्पिटफायरपेक्षा ते ताशी २०-३० मैलांनी सरस होते. खाडी ओलांडून गेलेले वैमानिक परतेनासे झाले. नवे विमान घडवायला वर्षे लागली असती आणि तेवढी सवड नव्हती.

तोडगा डार्बीत तयार होता, पण दुसऱ्याच कामासाठी. फार उंचावरून उडणाऱ्या वेलिंग्टन बॉम्बर विमानासाठी हूकर आणि त्यांचे सहकारी दुहेरी टप्प्याचा सुपरचार्जर घडवत होते. एका चक्राने दाबलेली हवा दुसऱ्याने पुन्हा दाबायची. पहिल्या टप्प्यासाठी व्हल्चर या मोठ्या इंजिनाचा सुपरचार्जर त्यांनी आधाराला घेतला. दाब भरपूर मिळाला. परंतु दोनदा दाबलेल्या हवेचे तापमान दोनशे अंशांहून अधिक वाढू लागले. एवढी तप्त हवा सिलिंडरमध्ये सोडणे म्हणजे इंजिनाच्या ठिकऱ्या उडवणे.

म्हणून दोन टप्प्यांच्या मधल्या वाटेभोवती थंड द्रव खेळवण्यात आला. शिवाय दुसऱ्या टप्प्यानंतर, सिलिंडरच्या अलीकडे, रेडिएटरसारखी एक पेटीच बसवण्यात आली. तिच्या नळ्यांतून पाणी आणि ग्लायकॉलचे मिश्रण फिरे. इंजिनाला थंड ठेवणाऱ्या द्रवापेक्षा हा प्रवाह वेगळा. त्याला पंपही वेगळा आणि पंखाखालचा रेडिएटरही वेगळा. वजन वाढले आणि इंजिनाची लांबीही वाढली. हे इंजिन स्पिटफायरमध्ये बसवून पाहावे, ही कल्पना हाइव्ह्ज यांची. सप्टेंबर १९४१ मध्ये ते चाचणीसाठी उडाले आणि जुलै १९४२ मध्ये नवव्या आवृत्तीची विमाने हॉर्नचर्चच्या ६४ व्या स्क्वॉड्रनकडे पोहोचली.

सांगाडा पाचव्या आवृत्तीचाच होता, तरी वेग ताशी ४०० मैलांपलीकडे गेला आणि लढण्याची उंची सुमारे दहा हजार फुटांनी वाढली. फॉक-वुल्फशी आता बरोबरीने झुंजता येऊ लागले. याच धर्तीचे मर्लिन इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवले आणि ते मस्टँग विमानात बसले. १९४४ मध्ये बॉम्बर विमानांना बर्लिनपर्यंत सोबत करणारे मस्टँग ते हेच. हे श्रेय अर्थातच एकट्याचे नव्हे. सिरिल लव्हसी, जेफ्री वाइल्ड अशा अनेकांचे हात त्याला लागले होते.

गंमत अशी, की हूकर टर्बोचार्जरचे पुरस्कर्ते नव्हतेच. मर्लिनचा सुपरचार्जर दंतचक्रांवर फिरे. धुराड्यातून मागे फेकल्या जाणाऱ्या वायूंमुळे विमानाला जो रेटा मिळतो, तो टर्बाइन फिरवण्यात का दवडावा, असा त्यांचा हिशेब होता. मोटारीला असा रेटा नको असतो. त्यामुळे तिथे वाया जाणाऱ्या धुरावर चालणारा टर्बोच फायद्याचा ठरला. तापलेल्या हवेचा प्रश्न मात्र दोन्हीकडे तोच. १९७५ ची पोर्शे ९११ टर्बो इंटरकूलरविना २६० अश्वशक्ती देई. १९७८ मध्ये इंजिन तीन लिटरवरून ३.३ लिटरचे झाले, मागच्या पंखाखाली इंटरकूलर आला आणि आकडा ३०० वर गेला. इथे पाणी नाही; वाऱ्याचा झोतच हवेला थंड करतो.

हूकर यांचे पुढचे आयुष्य जेट इंजिनांत गेले. १९४९ मध्ये हाइव्ह्ज यांच्याशी बिनसले आणि ते ब्रिस्टल कंपनीत दाखल झाले. तिथेच त्यांच्या देखरेखीखाली ऑर्फियस इंजिन घडले आणि त्यांची गाठ भारताशी पडली. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत नाव कमावणाऱ्या नॅट विमानांत ऑर्फियस होते. बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेल्या ‘मरुत’मध्ये ते दोन होते. मरुतचे आरेखन केले होते कुर्ट टँक यांनी. म्हणजे ज्यांच्या फॉक-वुल्फने १९४१ मध्ये हूकर यांची झोप उडवली, त्यांनीच! १७ जून १९६१ रोजी मरुत पहिल्यांदा झेपावले, तेव्हा एकेकाळच्या दोन प्रतिस्पर्ध्यांचे काम एकाच विमानात एकवटले होते. आपल्या नौदलाच्या सी हॅरियर विमानांनाही हूकर यांच्याच कारकिर्दीतल्या पेगॅसस इंजिनाचे बळ होते. गोव्यातील दाबोळीहून ती २०१६ पर्यंत उडत होती.

फेब्रुवारी १९७१ मध्ये रोल्स-रॉइसचे दिवाळे वाजले. आरबी २११ हे प्रवासी विमानांचे इंजिन कंपनीला घेऊन बुडाले होते. त्रेसष्ट वर्षांच्या हूकर यांना निवृत्तीतून पाचारण करण्यात आले आणि ते डार्बीला परतले. आपल्यासारख्याच निवृत्त जुन्या सहकाऱ्यांना त्यांनी गोळा केले. एप्रिल १९७२ मध्ये त्या इंजिनाला उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र मिळाले. १९७४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब देण्यात आला. २४ मे १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले: ‘नॉट मच ऑफ ॲन इंजिनियर’.