पडद्यामागचा सूर : वसंत देसाई

शाळेत सकाळच्या प्रार्थनेला आपण सगळेच उभे राहिलोय. शाळा मराठी मीडियमची असो नाहीतर माझ्यासारखं कॉन्व्हेंट असो, असेंब्लीत एखादी हिंदी प्रार्थना हमखास असायची. बहुतेक वेळा ती 'दो आँखें बारह हाथ'मधली, नाहीतर 'गुड्डी'मधली. पहिला पिक्चर १९५७चा, दुसरा १९७१चा. पहिल्याचे गीतकार भरत व्यास, दुसऱ्याचे गुलजार. एक व्ही. शांताराम यांचा, तर दुसरा हृषीकेश मुखर्जींचा. दोन्ही प्रार्थनांना चाल लावणारा माणूस मात्र एकच, वसंत देसाई! गाणी आपल्याला पाठ, पण नाव किती जणांना ठाऊक? आणि गंमत म्हणजे हा माणूस घडला आपल्या पुण्यात, लॉ कॉलेज रोडवर.

वसंतरावांचा जन्म ९ जून १९१२चा. गाव सोनवडे, कुडाळजवळचं, तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानातलं. कोकणातलं गाव म्हणजे देवळातलं भजन, कीर्तन आणि रात्रभर चालणारे दशावतारी खेळ. त्यांच्या कानावर पडलेलं पहिलं संगीत हेच. डोक्यात खूळ मात्र सिनेमाचं होतं, आणि तेही म्युझिक डायरेक्टर व्हायचं नाही, नट व्हायचं! १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली आणि त्यानंतर लवकरच हा कोकणातला पोरगा तिथे दाखल झाला. १९३०च्या 'खूनी खंजर' या मूकपटात त्यांनी कामही केलं.

आता प्रभातमध्ये काम म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. आपल्यासारखं मेकॅनिकलवाल्याने इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबकडे फिरकायचंच नाही, असं तिथे नव्हतं. मिळेल ते काम करायचं आणि बघून बघून शिकायचं. मग बोलपट आला. १९३२ साली प्रभातने 'अयोध्येचा राजा' काढला. संगीत गोविंदराव टेंब्यांचं, आणि हरिश्चंद्राच्या भूमिकेतही तेच. वसंतरावांना त्यात गायला मिळालं. तेव्हा प्लेबॅकची सोय नव्हती. नट कॅमेऱ्यासमोर उभा राहून स्वतःच गाणार, वादक फ्रेमच्या बाहेर कुठेतरी दडून वाजवणार, आणि आवाज त्याच वेळी रेकॉर्ड होणार. तबलजी चुकला तरी टेक गेला, नट शब्द विसरला तरी टेक गेला. आज आपण कंप्युटरवर कंट्रोल-झेड दाबतो, ती चैन त्यांना नव्हती. पण अशा शूटिंगवर उभं राहिलेल्या माणसाला एक गोष्ट आपोआप कळते : सूर, कॅमेरा आणि अभिनय या तीन वेगळ्या खोल्या नाहीत.

१९३३ साली प्रभात पुण्यात आली. एफटीआयआय ज्या आवारात आहे, तोच हा स्टुडिओ. तिथली पुढची नऊ वर्षं मला वसंतरावांच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटतात, कारण त्यांचं खरं इंजिनिअरिंग कॉलेज तेच! फॅकल्टी बघा. गोविंदराव टेंबे हार्मोनियमचे उस्ताद, 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्या. मास्तर कृष्णराव म्हणजे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, घराणेदार गायक. आणि केशवराव भोळे. हे आधी डॉक्टरकीच्या शिक्षणाला गेलेले, ते सोडून गाण्यावर लिहायला लागलेले, आणि मग संगीतकार झालेले. या तिघांच्या सहवासात वसंतराव काम करत होते. मध्येच छोटी भूमिका करायची, मध्येच कोरसमध्ये गायचं, मध्येच वादकांची तालीम घ्यायची.

केशवराव भोळ्यांचं एक काम इथे सांगायलाच हवं. १९३७चा 'कुंकू'. शांताराम यांचा पिक्चर, म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेल्या मुलीची गोष्ट. त्यात केशवरावांनी नेहमीचं पार्श्वसंगीत वापरलंच नाही. व्हायोलिनचा ताफा लावून रडायला लावायचं, हा प्रकार नाही. जे काही ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं. शांता आपटे त्यात लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात, तीसुद्धा गोष्टीचा भाग म्हणूनच येते. १९३७ साली, जेव्हा बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती, तेव्हा पुण्यात बसून कोणीतरी ठरवलं की संगीत न देणं हाही संगीतकाराचाच निर्णय आहे! ज्या कंपनीत असे प्रयोग चालायचे, तिथे वसंतराव तरुण वयात वावरत होते.

१९४२ साली शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईला परळमध्ये राजकमल कलामंदिर काढलं. वसंतराव त्यांच्याबरोबर गेले. राजकमलचा पहिला पिक्चर 'शकुंतला', साल १९४३. संगीत वसंत देसाई. मुंबईत स्वस्तिक टॉकीजला तो शंभरहून जास्त आठवडे चालला. सगळ्यांना वाटलं असणार की काय नशीब या पोराचं, पहिल्याच मोठ्या पिक्चरला एवढं यश! पण हिशोब करा. प्रभातमध्ये पाऊल टाकल्यापासून 'शकुंतला'पर्यंत तेरा वर्षं गेली होती. आपली डिग्री चार वर्षांची, आणि थर्ड इयरलाच आपण विचारतो की अजून कसं काही झालं नाही.

यानंतर त्यांनी काय काय केलं, त्याची यादी पाहिली की चक्रावून जायला होतं. १९४६चा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', म्हणजे आपल्या सोलापूरच्या डॉक्टरांची चीनमधली गोष्ट. १९४७चा 'लोकशाहीर रामजोशी', तिथे पेशवाईतली लावणी आणि डफ. १९५१चा 'अमर भूपाळी', होनाजी बाळाची गोष्ट. त्यातली ती भूपाळी अजूनही घराघरात सकाळी लागते, आणि हा पिक्चर १९५२ साली कान्सच्या स्पर्धेत होता. १९५३चा 'श्यामची आई', ज्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. १९५५चा 'झनक झनक पायल बाजे', टेक्निकलर, सगळा शास्त्रीय नाच, आणि शीर्षकगीत गायला प्रत्यक्ष उस्ताद अमीर खाँ. १९५९चा 'गूँज उठी शहनाई', तिथे शहनाई बिस्मिल्ला खाँची. लावणी, भूपाळी, कथक, शहनाई. प्रत्येक वेळी सिलॅबसच बदललेला!

बारकाईने बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांनी स्वतःची एक स्टाइल सगळीकडे चिकटवली नाही. आधी गोष्ट काय मागते ते पाहिलं. 'दो आँखें बारह हाथ' ही सहा कैद्यांना सुधारायला निघालेल्या जेलरची गोष्ट. ती प्रार्थना खुनी लोकांच्या तोंडी आहे. तिथे ताना, हरकती घातल्या असत्या तर कोणाचा विश्वास बसला असता? चाल साधी ठेवली, म्हणून ती कैद्यांची वाटते, आणि म्हणूनच आपल्यासारख्या बेसूर पोरांनाही ती शाळेत म्हणता आली.

पार्श्वसंगीतातही हेच. १९६४ साली सुनील दत्तने 'यादें' काढला. पडद्यावर अख्खा वेळ एकच माणूस. बाकीची माणसं फक्त आवाजातून उभी करायची. म्हणजे अर्धा अभिनय संगीताने करायचा! संगीत वसंत देसाई. १९७३ साली गुलजारांचा 'अचानक' आला, त्यात एकही गाणं नाही. ज्या संगीतकाराची ओळख गाण्यांमुळे, त्याने गाणं नसलेला पिक्चर घ्यायचा, हे सोपं नाही. रेडिओवर लागणार नाही, रेकॉर्ड विकली जाणार नाही, कोणी गुणगुणणार नाही. तरी त्यांनी तो केला. मला तर वाटतं, 'कुंकू'च्या दिवसांत पुण्यात जे पेरलं गेलं, ते इथे उगवलं.

पिक्चरबाहेरही त्यांचं काम चालूच होतं. मराठी संगीत नाटकं केली. चीनच्या युद्धानंतर आलेल्या 'छोटा जवान'साठी गदिमांच्या समरगीताला चाल लावली. हजारो शाळकरी मुलांना एका सुरात गायला लावायचे समूहगानाचे कार्यक्रम केले. १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात गायल्या, तेव्हा कांचीच्या शंकराचार्यांनी रचलेलं विश्वशांतीचं संस्कृत गीत त्यांनी गायलं. त्याची चालही सोनवड्याच्या या माणसाची.

२२ डिसेंबर १९७५ला मुंबईत ते राहत होते त्या इमारतीतच लिफ्टच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय ६३. हे वाचून मी बराच वेळ सुन्न झाले होते. आपण मशीन डिझाइनमध्ये फॅक्टर ऑफ सेफ्टी मार्कांसाठी पाठ करतो. लिफ्टचं दार नीट बंद झाल्याशिवाय मोटर चालू होऊ नये म्हणून इंटरलॉक असतो, हे व्हायवाला सांगतो आणि विसरतो. पण त्या लिफ्टमध्ये कोण पाय ठेवणार आहे, ते आपल्याला माहीत नसतं. आपल्यातले काही जण उद्या लिफ्टचं डिझाइन करतील, काही जण मेंटेनन्सच्या रजिस्टरवर सही करतील. सही करताना हे नाव आठवलं तरी पुरे.

आता जरा आपल्या कॉलेजकडे वळूया. फिरोदिया आणि पुरुषोत्तमच्या तालमी सुरू झाल्या की म्युझिकवाल्यांची धावपळ सुरू होते. काही जण शॉर्ट फिल्म करतात, काही जण जाहिरातींसाठी, व्हिडिओंसाठी म्युझिकचे तुकडे बनवून लायब्ररीला देतात. हा धंदा नवा नाही. लंडनची डी वुल्फ कंपनी १९०९ सालची, मूकपटांच्या काळापासूनची. यात अडचण अशी की तुमचा तुकडा कुठल्या दृश्याखाली जाणार ते तुम्हाला माहीत नसतं, आणि तुमचं नाव कोणी वाचत नाही. मग चांगलं कशासाठी करायचं? आणि चांगलं व्हायचं तरी कसं? नवं सॉफ्टवेअर, नवे लूप्स, महागडे हेडफोन घेतले की झालं, असं आपल्याला वाटतं.

वसंतरावांचा रस्ता वेगळा होता. नाटकाचं म्युझिक करायचंय ना? मग एखादी भूमिका करून बघा, लाइट्स ओढा, प्रॉम्प्टिंग करा. वाक्य कुठे संपतं आणि नटाला श्वास कुठे लागतो, ते विंगेत उभं राहिल्यावर कळतं. लावणीवाल्याकडे बसा, कीर्तनाला जा, शहनाई ऐका. आणि पूर्ण प्रवेशाला म्युझिक लावून झालं की एकदा ते सगळं बंद करून प्रवेश बघा. जिथे काहीच कमी वाटत नाही, तिथलं म्युझिक काढून टाका. उरेल ते तुमचं खरं काम.

नावाचं म्हणाल, तर ते लोक विसरतात. सूर विसरत नाहीत. बाकी सबमिशन झाल्यावर एखाद्या रात्री 'कुंकू' आणि 'अचानक' लागोपाठ बघाच!