ओहम : विजेचा हिशेब मांडणारा शिक्षक

शालेय विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाला ओहमचा नियम परिचित असतो. मात्र हा नियम मांडणाऱ्या शास्त्रज्ञाला त्यापायी उमेदीची वर्षे उपेक्षेत काढावी लागली, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

गेओर्ग सिमोन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी आजच्या जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील योहान वोल्फगांग हे कुलपे बनविणारे कारागीर. औपचारिक शिक्षण नसतानाही त्यांनी स्वाध्यायाने गणित आत्मसात केले आणि मुलांनाही तेच बाळकडू दिले. सात भावंडांपैकी तिघेच जगली. धाकटा भाऊ मार्टिन पुढे गणितज्ञ झाला. गेओर्ग दहा वर्षांचा असताना आईचे छत्र हरपले. १८०५ मध्ये तो एर्लांगेन विद्यापीठात दाखल झाला खरा, पण नृत्य, बिलियर्ड्स आणि बर्फावरील घसरखेळातच रमू लागला. संतापलेल्या वडिलांनी त्याचे शिक्षण थांबविले आणि त्याला स्वित्झर्लंडमध्ये पाठविले. तेथे गणित शिकवीत त्याने स्वतःचा अभ्यास चालू ठेवला आणि १८११ मध्ये एर्लांगेनचीच डॉक्टरेट मिळविली.

अल्प वेतनाच्या काही नोकऱ्यांनंतर १८१७ मध्ये ओहम कोलोन येथील शाळेत गणित व भौतिकशास्त्राचे शिक्षक झाले. शाळेची प्रयोगशाळा सुसज्ज होती आणि उपकरणे घडविण्याचा हात त्यांना वडिलांकडून लाभला होता. तारेची लांबी बदलली की तिच्यातून वाहणारी विद्युतधारा किती बदलते, हा त्यांचा प्रश्न होता. परंतु व्होल्टाच्या बॅटरीचा दाब प्रयोग चालू असतानाच घसरत असे. तेव्हा पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी तांबे आणि बिस्मथ यांचे तापयुग्म वापरले. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात, तर दुसरा बर्फात ठेवल्याने दाब स्थिर राहिला. मग निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडून त्यांनी चुंबकसूचीच्या साहाय्याने धारा मोजली. १८२६ मध्ये निष्कर्ष हाती आला : धारा दाबाच्या समप्रमाणात आणि मंडलातील एकूण रोधाच्या व्यस्त प्रमाणात असते. या एकूण रोधात तारेबरोबर विद्युतस्रोताचा स्वतःचा रोधही धरावा लागतो, हेही त्यांच्या सूत्रात होते.

१८२७ मध्ये बर्लिन येथे त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या बळावर विद्यापीठात प्राध्यापकपद मिळेल, अशी त्यांना आशा होती. प्रत्यक्षात त्यांच्या गणिती मांडणीवर टीकाच अधिक झाली. १८२८ मध्ये त्यांनी कोलोनचे पद सोडले. पुढची काही वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ अध्यापनावर निर्वाह करावा लागला. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत त्यांना स्थिर पद मिळाले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक बहाल केले, तेव्हा कुठे मायदेशालाही त्यांचे मोल कळू लागले. म्युनिक विद्यापीठातील प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये. ओहम आजन्म अविवाहित राहिले आणि ६ जुलै १८५४ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. १८८१ च्या पॅरिस विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला त्यांचे नाव देण्यावर शिक्कामोर्तब केले.

ओहम यांनी मांडलेला हिशेब आज हातात मावणाऱ्या उपकरणांतही लागू पडतो. भारतात २०१९ च्या कायद्याने विक्रीस बंदी असलेली ई-सिगारेट हे त्याचे बोलके उदाहरण. तिच्यातील द्रव बारीक तारेच्या वेटोळ्याने तापवून त्याची वाफ केली जाते. ३.७ व्होल्टच्या लिथियम बॅटरीला १.८ ओहमचे वेटोळे जोडले, तर सुमारे २ अँपिअर धारा वाहते आणि साधारण साडेसात वॉट उष्णता निर्माण होते. त्याच बॅटरीला थेट ०.२ ओहमचे वेटोळे जोडले, तर हिशेबाने धारा १८.५ अँपिअरवर आणि उष्णता ६८ वॉटवर जाते. पूर्ण भारित बॅटरीचा दाब ४.२ व्होल्ट असतो. मग धारा २१ अँपिअर होते. इतकी धारा बॅटरीच्या क्षमतेबाहेरची असेल, तर तिच्या अंतर्गत रोधामुळे ती स्वतःच तापते. अशा उपकरणांतील बॅटऱ्या पेटून वा फुटून परदेशात अनेकांना गंभीर भाजल्याच्या नोंदी आहेत. दोन्ही टोके धातूने थेट जोडली गेली, तर धारेला आवर घालण्यास बॅटरीचा अंतर्गत रोध तेवढा उरतो. ओहम यांनी आपल्या सूत्रात आवर्जून जागा दिली होती ती याच रोधाला.

विद्युतस्रोत कोणता निवडावा आणि त्याला किती रोध जोडावा, हे अंदाजाने नव्हे तर मोजून ठरवावे, ही शिस्त कोलोनच्या या शिक्षकाने घालून दिली. विद्वानांनी त्या सूत्राकडे पाठ फिरवली, त्याची किंमत एकट्या ओहम यांनी मोजली. आज त्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याला मात्र ती स्वतःच्या जिवावर मोजावी लागू शकते.