चिनी-इंग्रजी कोशकार रॉबर्ट मॉरिसन

इंग्रजीची खरी धास्ती लांबलचक शब्दांची नसते. ती असते 'टेक'सारख्या इवल्या क्रियापदांची. मराठीत आपण औषध घेतो, गाडी पकडतो आणि कामाला वेळ लागतो. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच 'टेक'! चिनी विद्यार्थ्याची अडचण आणखी निराळी. त्याच्या भाषेत औषध खातात आणि गाडीत नुसते बसतात. त्याने 'टेक' म्हणजे 'हातात घेणे' एवढेच पाठ केले, तर वाक्य वाचताना तो पुरता गोंधळून जाईल. हा गुंता सोडवण्यासाठी ज्याने उभे आयुष्य वेचले, त्या रॉबर्ट मॉरिसनविषयी मला विलक्षण आदर वाटतो.

मॉरिसनचा जन्म ५ जानेवारी १७८२ रोजी इंग्लंडमधील मॉर्पेथ येथे झाला. वडील बुटांचे लाकडी साचे बनवीत आणि मुलगाही तेच काम शिकला. पुढे तो मिशनरी झाला. लंडनमध्ये यूंग सॅम-टॅक या चिनी तरुणाकडून त्याने चिनीचे पहिले धडे घेतले. ईस्ट इंडिया कंपनी मिशनऱ्यांना आपल्या जहाजांत घेईना, म्हणून तो अमेरिकेच्या वळणाने १८०७ मध्ये कँटनला पोहोचला. तेथे परक्याला चिनी शिकवणे हा गुन्हा होता आणि शिकवणाऱ्याच्या प्राणाशी गाठ होती. तरीही काही चिनी पंडितांनी त्याला चोरून शिकवले. कोशावर नाव मॉरिसनचे असले, तरी त्यामागे या माणसांचे धाडसही आहे, हे आपण विसरू नये.

१८०९ मध्ये त्याच कंपनीने त्याला दुभाषा नेमले. त्याचा सहा खंडांचा कोश १८१५ ते १८२३ या काळात मकाव येथे छापला गेला. त्यातील एक भाग इंग्रजीतून चिनीत जाणारा आहे. शब्दापुढे प्रतिशब्द ठेवून मॉरिसन थांबला नाही. शब्द वाक्यात कसा वागतो हेही त्याने दाखवले. मलाक्का येथील त्याच्या अँग्लो-चायनीज कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी १८२३ मध्ये त्याने इंग्रजीचे व्याकरणही लिहिले. १ ऑगस्ट १८३४ रोजी कँटनमध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो अवघा ५२ वर्षांचा होता.

आपल्याशीही त्याचे एक नाते आहे. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरला निघाले; मॉरिसनचे चिनी व्याकरणही १८१५ मध्ये तेथेच छापले गेले. चिनी माणूस कष्ट 'खातो', तोटा 'खातो'. आपण मार खातो, पैसे खातो, प्रसंगी कचही खातो. हे परक्याला समजावून सांगताना आपलीही तारांबळ उडेल. म्हणून मित्रहो, शब्दांच्या याद्या घोकण्यापेक्षा वाक्ये वाचू या. शब्दाला अर्थ देते ती त्याची संगत, आणि मॉरिसनच्या कष्टांतून मी घेतलेला धडा हाच.