लाळेतील पहारेकऱ्याचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग

पेनिसिलिनचे जनक म्हणून सर अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांना आपण सारे ओळखतो. त्यांचे त्याआधीचे एक संशोधन मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

दिनांक ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील डार्व्हेल गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सातव्या वर्षी पितृछत्र हरपले. लंडनमध्ये काही वर्षे कारकुनी केल्यावर त्यांनी सेंट मेरी रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेतले.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांवर उपचार करताना एक गोष्ट त्यांच्या मनाला लागली. तीव्र जंतुनाशकाने खोल जखम धुतली की जंतू आत तसेच राहत. मरत त्या सैनिकाच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी! मग शरीर आपले रक्षण करते तरी कशाने?

१९२१ साली सर्दी झालेली असताना त्यांनी स्वतःच्याच नाकातील स्राव जीवाणूंच्या बशीत घातला. स्रावाभोवतीचे जीवाणू विरघळून गेले. हाच गुण पुढे अश्रूंत, लाळेत आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकातही आढळला. अश्रू मिळविण्यासाठी ते सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळीत, हे वाचून आम्हांला हसू आवरले नाही. त्या प्रथिनाला लायसोझाइम हे नाव मिळाले. ते जीवाणूची भिंतच फोडते. तथापि घातक रोगजंतूंपुढे त्याचे बळ तोकडे पडते, म्हणून विद्वानांनी ह्या शोधाकडे पाठ फिरवली. फ्लेमिंग मात्र अनेक वर्षे त्यावर काम करीत राहिले. १९२८ साली पेनिसिलिनची बुरशी त्यांच्या नजरेतून सुटली नाही, ती ह्याच सवयीमुळे, असे आम्हांस वाटते. १९४५ साली फ्लोरी व चेन ह्यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ११ मार्च १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

लायसोझाइमची कथा तेथे थांबली नाही. हे प्रथिन १३० अमिनो आम्लांच्या साखळीचे असून ते घडविणारे जनुक आपल्याला आईवडिलांकडून मिळते. १९९३ साली असे दिसून आले की, काही कुटुंबांत ह्या साखळीतील एकच दुवा वंशपरंपरेने बदललेला असतो. तेवढ्याने प्रथिनाची घडी बिघडते आणि ते मूत्रपिंड, यकृत ह्यांसारख्या अवयवांत साचून त्यांना निकामी करू लागते. आईवडिलांपैकी एकाकडून आलेले सदोष जनुकही त्याला पुरेसे ठरते.